नऊ मिनिटांचा पेला

मिलीभाऊंनी आयुष्यात अंदाजाने केलेली एकमेव गोष्ट म्हणजे लग्न. बाकी सगळं त्यांनी मोजून केलं. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाचं असंच होतं. चहावाल्याला ते "अर्धा दे" असं कधीच म्हणाले नाहीत. "नव्वद मिली दे" म्हणाले. त्यावरून प्रयोगशाळेने त्यांना मिलीभाऊ हे नाव दिलं आणि ते इतकं चिकटलं की एकदा रजेच्या अर्जाखाली त्यांनी स्वतःच ते लिहिलं, मग खाडाखोड नको म्हणून सबंध अर्ज पुन्हा लिहून काढला.

त्यांना हवं होतं फक्त एक. सही. बावीस वर्षं पाणी ते तपासत होते, आणि अहवालाखाली 'अधिकृत स्वाक्षरी' दुसऱ्याची होत होती. त्यांची जागा वरच्या कोपऱ्यात, 'तपासणारा' या शब्दापुढे, दोन आद्याक्षरं मावतील एवढी. सहीचे अधिकारी दोन वर्षांनी निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या जागी कोण, हे साहेबांच्या शिफारशीवर होतं. मिलीभाऊ वापरून झालेल्या गाळण कागदांवर सहीचा सराव करायचे. शेवटचा फराटा किती लांब असावा, यावर त्यांचं अजून ठरत नव्हतं.

अशात महासाथ आली.

साहेब, हेडक्लार्क आणि नमुन्यांच्या गाडीचा ड्रायव्हर हे तिघे पूर्वी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बसस्थानकामागच्या बारमध्ये बसायचे. दोन-दोन पेग घ्यायचे, वरिष्ठांना शिव्या द्यायचे आणि नऊच्या आत घरी जायचे, कारण घरी जावं लागायचं. बार बंद झाले तशी ही बैठक साहेबांनी फोनच्या पडद्यावर आणली. आता घरी जाण्याचा प्रश्नच नव्हता. सगळे घरीच होते. त्यामुळे महिन्यातल्या एका शनिवारचे चार शनिवार झाले. शिवाय कर्मचाऱ्यांचं मनोबल टिकवायचं म्हणून मिलीभाऊंनाही बोलावणं आलं. त्यांना बारमध्ये कुणी कधी विचारलं नव्हतं.

पहिल्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता ते पाण्याचा पेला घेऊन बसले.

"हे काय?" साहेब पडद्यातून म्हणाले. "दिवसभर पाणी तपासतोस आणि संध्याकाळी तेच पितोस? अरे, माणूस आहेस की पंप?"

हेडक्लार्क हसला. ड्रायव्हर हसला. हसून झाल्यावर साहेब जरा गंभीर झाले. "एक सांगतो, मिली. जो माझ्याबरोबर बसतो, तो माणूस मला कळतो. न कळणाऱ्या माणसाची शिफारस मी कशी करू?"

मिलीभाऊंच्या डोळ्यांपुढून सहीचा फराटा सरकन निघून गेला.

मिलीभाऊ कधीच प्यायले नव्हते. तत्त्व वगैरे काही नव्हतं. कुणी आग्रहच केला नव्हता, आणि आता पंचेचाळिसाव्या वर्षी सुरुवात करायची तर प्रमाण कुणाला विचारायचं? त्यांनी दुसरा मार्ग काढला. बैठक चालू असतानाच साहेबांच्या पेल्याचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीत कोऱ्या चहाचे चार पेले मांडले: एक, दोन, तीन, चार, क्रमाने फिके. फोटो शेजारी धरला.

"अहो, काय चाललंय?" बायकोने विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची आणि सध्या पलीकडच्या खोलीतून चाळीस मुलांना लसावि शिकवत होती.

"रंग जुळवतोय."

"भिंतीला?"

"दारूला."

तिने एकदा चहाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, "तीन नंबर," म्हणाली आणि लसाविकडे परत गेली. तीन नंबरच बरोबर होता. दोनशे मिली पाण्याला अडीच ग्रॅम चहा, चार मिनिटं, आणि मग निम्म्याने पातळ.

एक अडचण मात्र राहिली, आणि पुढचं सगळं रामायण त्या अडचणीतून घडलं. कोरा चहा गरम असला की पेल्यावर वाफ धरते, आणि फार थंड झाला की गढुळतो. सर्वसामान्य माणसाच्या हे लक्षातही येत नाही. पण बैठकीतले सगळेजण पाण्याच्या प्रयोगशाळेतले. गढूळपणा हा त्यांचा पोटापाण्याचा विषय. ड्रायव्हरसुद्धा बाटली उजेडात धरून आकडा सांगायचा आणि तो दशांशात चुकायचा नाही. म्हणजे पेला वाफ थांबल्यानंतर आणि गढुळण्याआधी संपायला हवा. मिलीभाऊंनी तापमापी लावून पाहिलं. मधला अवधी नऊ मिनिटांचा होता.

पुढच्या शनिवारी त्यांनी दर नऊ मिनिटांनी एक पेला रिकामा केला. बर्फ नाही, सोडा नाही, तोंड वाकडं नाही. थर्मासमधून दुसरा ओतायचे तेव्हा फोन छताकडे वळवायचे. तासाभरात सहा झाले. सहाव्यानंतर साहेबांनी सहज विचारलं, "मिली, परवाच्या विहिरीच्या नमुन्यात क्लोरीन किती होतं रे?" मिलीभाऊंनी दोन दशांशांपर्यंत सांगितलं.

पडद्यावर तिघांनीही आपापले पेले खाली ठेवले.

"टाकी आहे," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "भाऊ, तुम्ही नुसती टाकी आहात."

त्या दिवसापासून मिलीभाऊंचा मान वाढला. बावीस वर्षं अचूक आकडे देऊन जे मिळालं नव्हतं, ते सहा पेले चहाने मिळालं. साहेबांनी त्यांना 'अरे'वरून 'अहो'वर आणून ठेवलं. आणि मान मिळालेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. खरं सांगायचं पुढच्या शनिवारवर ढकललं. असे शहाण्णव शनिवार गेले.

सहा पेले चहा घेतलेल्या माणसाला शनिवारी रात्री झोप लागत नाही. त्यामुळे रविवारी सकाळी मिलीभाऊंचे डोळे लालभडक असायचे आणि दुधाची पिशवी घेताना हात थरथरायचा. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर हे दर रविवारी बघायचे. भिंतीतून 'चिअर्स'ही ऐकायचे.

"मी काही म्हणणार नाही," पोस्टमास्तर म्हणाले, आणि पाऊण तास बोलले. अनशापोटी कधी घेऊ नये. मिसळू नये. उतरत नसेल तर मीठपाणी. त्यांच्या मेव्हण्याचंही असंच सुरू झालं होतं, आधी फक्त शनिवार, मग शनिवारची आठवण म्हणून बुधवार. "वहिनींचा तरी विचार करा."

"अहो, मी चहा पितो!"

"मेव्हणासुद्धा चहाच म्हणायचा," पोस्टमास्तर कळवळून म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या वर्षी मिलीभाऊंना साथीचा आजार होऊन गेला. तब्येत सावरली, पण नाकाचा वास गेला तो नीट परत आलाच नाही. व्हिनेगरची बाटली नाकाशी धरली तर काहीतरी आहे एवढं कळायचं. त्यापुढे सगळं सारखंच. पाणी तपासायला डोळे पुरतात, म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. डायरीत 'वास: समाधानकारक नाही' अशी नोंद केली आणि कामाला लागले.

मग महासाथ ओसरली. बार उघडले. साहेब, क्लार्क आणि ड्रायव्हर एकदा जाऊन आले, पण त्यांना करमेना. तिथे बूट घालून जावं लागायचं आणि कुणाचाही आवाज बंद करता यायचा नाही. बाहेर पिणं सुटलं होतं, घरी पिणं लागलं होतं. आणि नेमक्या याच वेळी मुख्य कार्यालयाचं परिपत्रक येऊन थडकलं. महासाथीमुळे कर्मचाऱ्यांच्या मद्यपानाच्या सवयींत काय बदल झाला, याची प्रत्येकाने संगणकावर माहिती भरायची. माहिती अपूर्ण असेल त्या कर्मचाऱ्याला सहीचे अधिकार मिळणार नाहीत.

सहीचे अधिकारी महिनाअखेरीस निवृत्त होणार होते.

मिलीभाऊ त्याच दिवशी भरायला बसले. प्रश्न सहा: महासाथीपूर्वी आठवड्याला किती पेग? त्यांनी शून्य लिहिलं. संगणकाने घेतलं. प्रश्न सात: सध्या किती? शून्य लिहिलं. संगणकाने चौकट लाल केली: 'शून्यापेक्षा मोठी संख्या लिहा.'

त्यांनी पुन्हा शून्य लिहिलं, या वेळी जरा ठळक. पुन्हा लाल. शेवटी मदतकेंद्राला फोन लावला.

"शून्य चालत नाही," पलीकडची बाई म्हणाली.

"आधीच्या प्रश्नाला चाललं."

"आधी शून्य असू शकतं. आता नसतं. गेल्या खेपेला सगळ्यांनी दोन्हीकडे शून्य लिहिलं होतं, म्हणून वरून सांगून खालचं शून्य काढून टाकलंय. तुम्ही एक लिहा आणि मोकळे व्हा."

"पण एक खोटं आहे."

"मग दोन लिहा."

चोवीस वर्षांत मिलीभाऊंनी न मोजलेला आकडा लिहिलेला नव्हता. त्यांनी फोन ठेवला आणि अर्ज तसाच सोडला. हा त्यांचा बाणेदारपणा होता असं त्यांना वाटलं. पण तिकडे बाकीच्या तिघांनी आपापले अर्ज भरून टाकले होते, आणि त्यांत चौदावा प्रश्न होता: 'आपल्या माहितीत सर्वाधिक मद्यपान करणारी व्यक्ती कोण?' तिघांनीही एकमेकांना न विचारता, मनापासून आणि काहीशा अभिमानाने, एकच नाव लिहिलं होतं.

पुढच्या सोमवारी मुख्य कार्यालयाने समुपदेशक बाई पाठवल्या. त्यांना बसायला नमुन्यांची खोली मिळाली. चारी बाजूंना रिकाम्या बाटल्यांच्या रांगा होत्या आणि वातावरण विषयाला साजेसं होतं.

"मी आयुष्यात कधी दारूला शिवलो नाही," मिलीभाऊ म्हणाले.

बाईंनी लिहिलं. उलटं वाचायची मिलीभाऊंना सवय होती. 'नकार: तीव्र.'

"शनिवारी मी चहा पितो."

"किती?"

"नव्वद मिलीचे सहा पेले. दर नऊ मिनिटांनी एक."

"इतकं नेमकं?" बाईंचा चेहरा पडला. "वेळ बांधून घ्यायला लागलात म्हणजे बरंच पुढे गेलंय."

तपासणीला पाठवलं तर मिलीभाऊंचं यकृत इतकं स्वच्छ निघालं की डॉक्टरांनी दोनदा तपासलं. तो अहवाल साहेबांनी सगळ्यांना वाचून दाखवला. "असल्या बनावटीचं यकृत आता मिळत नाही," ते म्हणाले, आणि मिलीभाऊंची कीर्ती पंपहाउसपर्यंत पोहोचली.

मग साक्षीला बायको आली. "बाई, खरंच चहा असतो. मी स्वतः बघते. मला करूसुद्धा देत नाहीत, तराजू घेऊन बसतात." एवढं बोलताना तिला तो तराजू आठवला, हसू आवरेना, आणि तिने पदर तोंडाला लावला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

समुपदेशक बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "किती वर्षं एकट्या सांभाळताय हे?"

महिना संपायला चार दिवस उरले होते. मिलीभाऊंनी ठरवलं, आता प्रयोग. शब्दावर कुणाचा विश्वास नसेल तर नसो. प्रयोगावर ठेवावाच लागेल, ही प्रयोगशाळा आहे. मंगळवारी सकाळी अकरा वाजता, सगळ्यांसमोर, ते शनिवारचा पेला शनिवारच्या पद्धतीने करून पिऊन दाखवणार. शेजारी तुलनेसाठी खऱ्या दारूचा पेला. मग रिकाम्या पेल्याचा वास सगळ्यांनी घ्यायचा आणि विषय संपवायचा. साहेबांनी बराच वेळ आढेवेढे घेऊन कपाटातून एक बाटली काढली. "पुरावा म्हणूनच ठेवली होती," ते म्हणाले. कशाचा, ते कुणी विचारलं नाही.

मिलीभाऊंनी तयारी केली ती पाहण्यासारखी होती. दोन्ही पेले एकाच खोक्यातले. दोन्हींत नव्वद मिली. तीन नंबरचा रंग. साहेबांची बाटली किंचित गडद निघाली म्हणून चहा पाव ग्रॅमने वाढवला. दारू थंड आणि चहा कोमट ही तुलनाच नव्हे, म्हणून दोन्ही पेले ऊनपाण्याच्या भांड्यात ठेवून अचूक चाळीस अंशांवर आणले. पेल्यांवर चिठ्ठी लावायची नाही, चिठ्ठीने बघणाऱ्याचं मत आधीच बनतं. डावीकडे चहा, उजवीकडे दारू, एवढं त्यांना स्वतःला माहीत होतं. दोन पेल्यांत फरक म्हणून जो जो सापडला, तो तो मिलीभाऊंनी चिकाटीने काढून टाकला.

सगळे मुखपट्ट्या लावून उभे राहिले. प्रयोगशाळेत तो नियम अजून होता. समुपदेशक बाईंनी साहेब, क्लार्क आणि ड्रायव्हर यांना टेबलापासून दोन मीटर लांब ठेवलं, कारण अर्जातल्या आकड्यांमुळे तिघेही आठवडाभरापासून बाईंच्या दारू सोडण्याच्या कार्यक्रमात होते. बायको खिडकीशी उभी होती.

मिलीभाऊ फळ्याकडे वळले आणि वेळ, तापमान, आकारमान लिहू लागले. चाळीसच्या डोक्यावर अंशाचं छोटं वर्तुळ त्यांनी दोनदा काढलं, पहिलं गोल आलं नव्हतं म्हणून.

तेवढ्यात ड्रायव्हरला राहवलं नाही. तो पुढे सरकला, एकेक हातात एकेक पेला घेऊन खिडकीच्या उजेडात धरला, गढूळपणा बघितला, समाधानाने मान हलवली आणि दोन्ही पेले परत ठेवले. ठेवताना तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होता.

"आता बघा," मिलीभाऊ वळून म्हणाले. मुखपट्टी खाली केली, डावीकडचा पेला उचलला, आणि शहाण्णव शनिवारांच्या सरावाने, मान किंचित मागे टाकून, नव्वद मिली एका दमात घेतले.

सुमारे दोन सेकंद काहीच झालं नाही. मग मिलीभाऊंचा चेहरा लाल झाला, त्यातून जांभळा झाला, डोळे खोबणीतून बाहेर यायला निघाले आणि घशातून नळाला पहिलं पाणी येण्याआधी येतो तसा आवाज आला. "आई गं! पेटलं! पेटलं!" ते खाली बसले. खोकले. उठायला गेले, पुन्हा बसले. ऊनपाण्याच्या भांड्यात तोंड घालायला निघाले तेव्हा बायकोने कॉलर धरून मागे ओढलं.

"अहो, चहा कडक झाला का?" तिने घाबरून विचारलं.

"हा... चहा... नाही," मिलीभाऊ म्हणाले आणि त्यांना उचकी लागली.

साहेब दोन मीटरचा नियम मोडून पुढे आले. वाकले. खोकला ऐकला, डोळे बघितले, उचकी मोजली. या विषयात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"बाई," ते समुपदेशक बाईंना म्हणाले, "लिहून घ्या. हा माणूस आज पहिल्यांदा प्यायलाय. असं खोकायला कुणाला शिकवून येत नाही."

मिलीभाऊंनी जमिनीवरूनच समाधानाने मान हलवली. प्रयोग वेगळ्या वाटेने गेला होता, पण निष्कर्ष तोच आला होता.

ड्रायव्हरचा आवाज मात्र अगदी रडवेला झाला. "म्हणजे भाऊ... ते सगळं चहा होतं?"

"हो."

"मी दोनवर थांबणारा माणूस होतो. तुमचा तिसरा संपायचा, मग मला लाज वाटायची. पाचवर गेलो मी तुमच्यापायी."

"मी चारवर," हेडक्लार्क म्हणाला. "नऊ मिनिटांचा गजर लावायचो फोनला."

साहेबांनी खुर्ची ओढून घेतली. दोन वर्षं ते एका किटलीशी शर्यत लावत होते, हे पचायला त्यांना वेळ लागत होता. शेवटी म्हणाले, "निदान दूध तरी घालायचंस, मिली. आम्हाला कळलं असतं." 'अहो'चं 'अरे' झालं होतं.

"मी तुम्हाला प्या म्हटलं नव्हतं," मिलीभाऊ म्हणाले. पण म्हणताना त्यांची नजर तिघांच्या चेहऱ्यांवरून फिरली, आणि दारूपेक्षा ते जास्त झोंबलं. आख्ख्या प्रयोगशाळेत दारूला न शिवलेला एकच माणूस होता, आणि तिघांना दारूला लावलं होतं ते त्याने. "चुकलं माझं," ते हळू आवाजात म्हणाले आणि पुन्हा उचकले.

समुपदेशक बाईंनी संगणक उघडला होता. "प्रश्न सहा, महासाथीपूर्वी: शून्य. बरोबर?"

"बरोबर."

"प्रश्न सात, सध्या, या आठवड्यात." त्यांनी रिकाम्या पेल्याकडे पाहिलं.

"नव्वद मिली म्हणजे..." मिलीभाऊ बोटं मोजू लागले.

"तीस मिलीचा पेग. तीन," भिंतीला टेकून ड्रायव्हर म्हणाला.

बाईंनी तीन लिहिलं. चौकट हिरवी झाली. अर्ज पूर्ण झाला. चौदा दिवस लाल असलेला पडदा पाहता पाहता हिरवागार झाला, आणि जमिनीवर बसलेल्या मिलीभाऊंचे डोळे भरून आले. त्यातलं दारूचं किती आणि आनंदाचं किती, हे वेगळं मोजायची सोय नव्हती.

साहेब नाराज होते, पण खोटे नव्हते. महिनाअखेरीस शिफारस गेली. तीत एकच वाक्य होतं: 'हा माणूस मला कळला आहे.' पहिल्या तारखेला सहीचे अधिकार आले.

त्या सकाळी मिलीभाऊ नवीन टेबलाशी बसले. पेन तपासलं, फराट्याची लांबी ठरवली, आणि विहिरीचा एखादा अहवाल समोर येईल म्हणून वाट बघू लागले. हेडक्लार्कने पहिला कागद आणून ठेवला. तो मुख्य कार्यालयाकडे जायचा होता: 'महासाथीनंतर मद्यपानाच्या सवयींतील बदल. प्रयोगशाळेचा गोषवारा.'

एकूण कर्मचारी: चार. मद्यपान घटलेले: तीन. मद्यपान वाढलेले: एक. वाढीचं प्रमाण काढता येत नाही, पूर्वीचा आकडा शून्य असल्यामुळे. घटनेचे ठिकाण: प्रयोगशाळा. वेळ: सकाळी अकरा, कामाचा दिवस. खाली 'अधिकृत स्वाक्षरी'.

मिलीभाऊंनी तो तीनदा वाचला. मूळ अर्ज मागवून आकडे ताडून पाहिले. कुठे एक चूक सापडावी, एखादा दशांश इकडचा तिकडे झालेला असावा, म्हणून त्यांनी तासभर धडपड केली. एकही आकडा चुकला नव्हता.

त्यांनी सही केली. फराटा ठरवल्यापेक्षा बराच आखूड आला.

तेवढ्यात चहावाल्याने नेहमीचा नव्वद मिली कोरा चहा समोर ठेवला. पेल्यावर वाफ होती. हेडक्लार्कने घड्याळाकडे पाहिलं. दारातून ड्रायव्हरने पाहिलं. काचेपलीकडून साहेबांनी पाहिलं.

मिलीभाऊंनी पेला चहावाल्याकडे परत सरकवला.

"दूध घाल," ते म्हणाले. "अंदाजाने घाल."